अकरा वाजून दहा मिनिटं

एक वर्तुळ काढा, त्यात घड्याळाचे आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मेंदूच्या तपासणीतली ही चाचणी जगभर वापरली जाते आणि तिला लागतो फक्त कागद नि पेन्सिल. वेळ अकरा-दहाची का, यालाही कारण आहे. ‘दहा’ कानावर पडलं की हात १० या आकड्याकडे ओढला जातो. तो मोह आवरून मोठा काटा २ वर न्यावा लागतो आणि हे आवरण्याचं काम कपाळामागचा मेंदू करतो. तो दुखावला असेल तर चांगला शिकलेला, अस्खलित बोलणारा माणूससुद्धा एक काटा ११ वर आणि दुसरा १० वर ठेवतो, समाधानानं कागद पुढे सरकवतो आणि काही चुकलंय हे त्याच्या गावीही नसतं. मेंदूच्या उजव्या बाजूला मोठा झटका येऊन गेलेला रुग्ण कधीकधी बाराच्या बारा आकडे घड्याळाच्या उजव्या अर्ध्यात कोंबतो. डावं जग त्याच्यापुरतं उरलेलंच नसतं.

एमआरआयमध्ये जखम दिसते. त्या जखमेनं माणसाचं काय नेलं आणि काय शाबूत ठेवलं, तो पुन्हा दुकानाच्या गल्ल्यावर बसू शकेल का, गाडी चालवू शकेल का, त्याच्या सहीवर घरच्यांनी विसंबावं का, हे फिल्मवर उमटत नाही. त्यासाठी कुणालातरी त्या माणसासमोर दोन-तीन तास बसावं लागतं. न्यूरोसायकॉलॉजिस्ट हे काम करतो. न्यूरॉलॉजिस्ट मेंदूच्या आजाराचं निदान करून औषध देतो, न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतो, मानसोपचारतज्ज्ञ मनाच्या आजारावर औषधोपचार करतो. न्यूरोसायकॉलॉजिस्ट या तिघांच्या मधल्या जागेत उभा असतो. तो औषध लिहून देत नाही. स्मरण, लक्ष, भाषा, नियोजन, भावनांवरचा ताबा यांतलं काय बिघडलंय ते मोजतो आणि बिघडलेल्यासह जगायची वाट शोधायला मदत करतो.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात अशी एक तपासणी मला जवळून पाहता आली. रुग्ण आणि त्यांचे घरचे यांच्या परवानगीनं मी कोपऱ्यात बसले होते. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. जुन्नरकडच्या सत्तरी ओलांडलेल्या आजी, शाळेची पायरी कधी न चढलेल्या. मुलाची तक्रार होती की वर्षभरात आई फार विसरायला लागली आहे, बोलतही नाही, एकटी बसून असते. शेजारपाजारचे म्हणाले, हा विसरण्याचाच आजार.

“आजी, आज तारीख काय?” तिशीतल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं. (त्या पीएच.डी.च्या डॉक्टर, पण ओपीडीत सगळे मॅडमच म्हणतात.)

“तारीख मला काय ठावं, बाई. आज दशमी हाय. उद्या माझी एकादस.”

मॅडमनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. दशमीच होती. छापील फॉर्मवर तारखेच्या चौकटीत शून्य पडलं असतं. त्यांनी शेजारी तिथी लिहून ठेवली. मग आकृती उतरवायची वेळ आली. आजींनी पेन्सिल विळ्याच्या मुठीसारखी पकडली आणि कागदावर एक थरथरती रेघ ओढून थांबल्या. मॅडमनी कागद बाजूला केला, खणातून आगपेटी काढली, चार काड्यांची एक रचना केली आणि म्हणाल्या, “आता अशीच तुम्ही करा.” आजींनी ती क्षणात केली. पुढचीही केली. एका काडीच्या गुलाची बाजू उलटी आली होती, ती न सांगता त्यांनीच फिरवून सरळ केली.

खरी कसोटी शब्दांच्या यादीची. दहा शब्द तीनदा वाचून दाखवायचे, मग वीसेक मिनिटं दुसरं काहीतरी करून घ्यायचं आणि पुन्हा विचारायचं. आजींना तीन आठवले. पण “यादीत ‘कोयता’ होता का? ‘दिवा’ होता का?” असं एकेक विचारलं, तेव्हा जवळजवळ सगळे त्यांनी अचूक ओळखले. हा फरक फार महत्त्वाचा आहे. अल्झायमरमध्ये नवी गोष्ट बऱ्याचदा मनात साठतच नाही, त्यामुळे आठवण करून दिली तरी ओळख पटत नाही. इथे साठवण झाली होती, बाहेर काढायला मात्र नेट लागत नव्हता. शिवाय डाव्या बाजूनं हलक्या आवाजात बोललेलं आजींना ऐकूच येत नव्हतं. आणि वर्षभरापूर्वी यजमान गेले होते. ते सांगताना त्या पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलल्या.

रिपोर्टमध्ये नैराश्याची दाट शक्यता लिहिली गेली. कानाची तपासणी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट, सहा महिन्यांनी फेरचाचणी. डिमेन्शिया पुरता नाकारलेला नव्हता, पण त्याचा शिक्काही मारलेला नव्हता. मुलगा बाहेर पडताना म्हणाला, “म्हणजे आईला ऐकूच येत नव्हतं काही वेळा?” या प्रश्नात मला या पेशाचं सगळं मोल दिसलं. चुकीच्या चाचणीनं याच आजींना फार कमी गुण मिळाले असते आणि घरात त्यांच्याशी बोलणं आणखी कमी झालं असतं.

हे शास्त्र रुग्णासमोर बसूनच घडलं आहे. ब्रेंडा मिल्नर यांची कारकीर्द त्याचा सगळ्यात मोठा पुरावा. मँचेस्टरला १९१८ साली जन्म, केंब्रिजला गणितासाठी प्रवेश, तिथे मानसशास्त्राकडे वळल्या. युद्धकाळात वैमानिकांची निवड आणि रडारच्या पडद्याबाबतचं काम केलं, १९४४ मध्ये पतीबरोबर माँट्रिअलला गेल्या. मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्याकडे पीएच.डी. करत असताना हेब यांनी त्यांना १९५० मध्ये न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांच्या रुग्णांचा अभ्यास करायला धाडलं. शस्त्रक्रियागृहांच्या त्या जगात मानसशास्त्रज्ञाची जागा ठरलेली नव्हती. मिल्नर यांनी ती रुग्णागणिक मिळवली.

पेनफिल्ड फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूच्या एका कुशीचा भाग काढत. बहुतेकांना आराम पडे. दोन रुग्णांची मात्र नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची शक्तीच गेली. हे कळल्यावर अमेरिकेतल्या हार्टफर्डचे सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी संपर्क साधला: माझाही असा एक रुग्ण आहे. १९५३ मध्ये त्यांनी २७ वर्षांच्या हेन्री मोलेसनच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या हिश्श्यासह, काढला होता. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपण आठवत होतं, पण त्यानंतरच्या आयुष्यातली घटना काही वेळातच पुसली जाई. मिल्नर १९५५ मध्ये रेल्वेनं हार्टफर्डला गेल्या आणि पुढे जात राहिल्या. प्रत्येक वेळी हेन्रीला त्यांची नव्यानं ओळख करून द्यावी लागे. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७ चा शोधनिबंध ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी जगभर गेला. हेन्रीचं पूर्ण नाव २००८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच उघड करण्यात आलं.

मिल्नर यांच्या कामातला ताऱ्याचा प्रयोग मला सर्वांत मोठा वाटतो. दुहेरी रेषांचा एक तारा, त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात आणि कागद थेट दिसत नाहीत, आरशात पाहून काढायचं. पहिल्यांदा कुणाचाही हात भलतीकडे जातो. मिल्नर यांनी हेन्रीकडून हे लागोपाठ तीन दिवस करून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याचा हात जवळजवळ बिनचूक फिरत होता, आणि आपण हे आधी कधी केलंय याची त्याला तिळमात्र आठवण नव्हती. म्हणजे हाताचं शिकणं आणि घटनेचं आठवणं यांचे मार्ग मेंदूत वेगळे आहेत. स्मृती एकच असते ही जुनी समजूत एका आरशानं आणि एका चिकाटीच्या बाईनं मोडून काढली.

त्याचा फायदा रुग्णांना झाला, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. दोन्ही बाजूंना हात लावायचा नाही, एका बाजूला लावण्याआधी दुसरी बाजू स्मृतीचा भार पेलू शकेल का ते तपासायचं, हा दंडक त्यातून पक्का झाला. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून फेफऱ्याच्या शस्त्रक्रिया होत आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना तिथे नवं आयुष्य मिळालं. अशा कुठल्याही केंद्रात शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या बैठकीत न्यूरोसायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट टेबलावर असतो. उजवा हात वापरणाऱ्या बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते. डाव्या कुशीवर शस्त्रक्रिया करायची असेल आणि रुग्ण शिक्षक किंवा कीर्तनकार असेल, तर शब्द गमावण्याचा धोका त्याला आधी समजावून सांगावा लागतो. झटके थांबावेत म्हणून तो किती किंमत मोजायला तयार आहे, हे शेवटी त्यालाच ठरवायचं असतं.

आजींसमोरच्या आगपेटीकडे आता वळते. काड्यांची ती चाचणी नायजेरियातल्या इबादानहून आली. कमी शिकलेल्या वृद्धांच्या हाती पेन्सिल देणं अन्यायाचं आहे, असं तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे हाच विचार हरियाणातल्या बल्लभगडला झाला. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली ३० गुणांची ‘मिनी मेंटल’ चाचणी आजही आपल्या कित्येक दवाखान्यांत चालते. तिच्यात वाक्य लिहायचं आहे, वाचून कृती करायची आहे, १०० मधून सात-सात वजा करायचे आहेत. बल्लभगडच्या संशोधकांनी १९९५ मध्ये तिचं हिंदी रूप प्रसिद्ध केलं तेव्हा गावातल्या न शिकलेल्या माणसाचा विचार आधी केला. ‘डोळे मिटा’ हे वाचायला देण्याऐवजी ‘मी करतो तसं करा’ म्हणून समोरच्यानं डोळे मिटायचे. १०० मधून सात वजा करण्याऐवजी २० मधून तीन. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचं. चाचणी यामुळे सोपी झाली असं नव्हे. तिनं शाळा मोजणं सोडलं आणि मेंदू मोजायला सुरुवात केली.

बंगळुरूच्या निमहान्सनं २००४ मध्ये चाचण्यांचा जो संच काढला, त्यात वय आणि शिक्षणानुसार, अगदी निरक्षरांसाठीही, वेगळी मानकं दिली. हैदराबादच्या निझाम्स संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवलं, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती. शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक दिसला, म्हणून त्याचं श्रेय नुसत्या शिक्षणाला देता येईना. तेलुगू, उर्दू, हिंदी सहज बोलणाऱ्या हैदराबादसारख्या शहरातच असा अभ्यास होऊ शकत होता. ओपीडीत रोजच्या रोज नीट लिहिलेल्या केसपेपरांतून जगाला नवी गोष्ट कळते, याचं याहून चांगलं भारतीय उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे नाही.

मराठीचं काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकारानं डिमेन्शियाच्या तपासणीचा संच बनला, त्याची पडताळणी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत झाली. ‘एस-थ्री’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या चाचणीचा सात भाषांतला भारतीय अभ्यास २०२० मध्ये आला. त्यातही मराठी नव्हती. मराठी रूपांतरं दवाखान्यांत वापरात आहेत, काही चांगलीही आहेत. पण शब्द मराठी केले म्हणजे चाचणी मराठी होत नाही. नंदुरबारच्या साठीतल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या निरोगी बाईला एका मिनिटात किती प्राण्यांची नावं सांगता येतात, हे आधी माहीत असायला हवं. तरच तिच्या शेजारणीला आलेली आठ नावं कमी की पुरेशी, हे ठरवता येईल. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. त्यातल्या मराठी बोलणाऱ्यांसाठी ही मानकं घरचीच, भक्कम हवीत. हे काम बाहेरचं कुणी येऊन करणार नाही.

निदानानंतरचा भाग लोकांना फार कमी ठाऊक असतो. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर साडेचार लाखांहून जास्त अपघात झाले. जे वाचले त्यांतल्या कित्येकांच्या डोक्याला मार लागलेला होता. जखम भरते, पोरगा चालायला लागतो, घरी पेढे वाटले जातात, आणि महिन्याभरात आई म्हणते, “हा आमचा राहिला नाही.” तो पटकन चिडतो, सुरू केलेलं काम सोडून देतो, गॅसवर दूध ठेवून अंघोळीला जातो. तपासणीच्या शांत खोलीत मात्र सगळ्या चाचण्या नीट सोडवतो, कारण तिथे पुढचं पाऊल कुणीतरी सांगत असतं.

हे कोडं इंग्लंडच्या बार्बरा विल्सन यांनी आयुष्यभर सोडवलं. शब्दांच्या याद्यांवरून घरातलं विसरणं कळत नाही म्हणून १९८५ मध्ये त्यांनी रिव्हरमीड चाचणी आणली. तिच्यात नवं नाव लक्षात ठेवायचं, लपवलेली वस्तू आठवणीनं परत मागायची, घंटा वाजली की ठरलेला प्रश्न विचारायचा. केंब्रिजजवळच्या ईली शहरात १९९६ मध्ये त्यांनी पुनर्वसन केंद्र उघडलं. अमेरिकेत एका अभियंत्यानं, मेंदूला इजा झालेल्या मुलाचा बाप असलेल्यानं, पेजरवर वेळच्या वेळी सूचना पाठवणारी व्यवस्था तयार केली होती. विल्सन यांनी ती १४३ रुग्णांवर रीतसर तपासून पाहिली आणि बहुतेकांना उपयोग होतो हे सिद्ध केलं. आज ते काम खिशातला मोबाइल करू शकतो. पण कुठली सूचना, किती वाजता, कुठल्या शब्दांत, हे त्या घरात डोकावल्याशिवाय ठरत नाही. आपल्याकडे पुनर्वसनाला अजून फिजिओथेरपीइतकी मान्यता नाही, विम्यात बसवताना मारामार, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सोय शोधूनच काढावी लागते.

पुरती न पारखलेली चाचणी वापरण्याच्या घाईचे परिणामही महाराष्ट्रानं पाहिले आहेत. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार आरोपीला दोषी धरताना घेतला गेला. गुन्हा स्वतः अनुभवल्याची आठवण लहरींतून ओळखता येते, असा त्या चाचणीचा दावा होता. स्वतंत्र संशोधकांनी तो पुरेसा पारखलेला नव्हता. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात निकाल दिला, की संमतीशिवाय नार्को, लाय डिटेक्टर किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. या पेशात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तो निकाल वाचावा असं मला मनापासून वाटतं. समोरचा माणूस आपल्या टेबलावर डोकं उघडं करून बसलेला असतो. त्याच्याबद्दल पुराव्यापलीकडे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही.

या पेशात यायचं कसं, हे दिवाळीच्या सुटीत घरी आलेली मुलं विचारतात म्हणून सांगते. आपल्याकडे न्यूरोसायकॉलॉजिस्टचा वेगळा परवाना नाही. मानसशास्त्रात पदवी, एम.ए. किंवा एम.एस्सी., त्यानंतर रुग्णालयाशी जोडलेलं क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं प्रशिक्षण (एम.फिल.) आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी, हा आजवरचा रस्ता. निमहान्समध्ये ही परंपरा सर्वांत जुनी. पुण्यात ससूनच्या आवारातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेतही प्रशिक्षण आहे. नोंदणीशिवाय रुग्णांवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही ही पात्रता ठरवून दिली आहे. सध्या या रस्त्यावर खोदकाम चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं एम.फिल. बंद केली, क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत सवलत दिली आणि नव्या धर्तीचे अभ्यासक्रम येत आहेत. फी भरण्याआधी त्या कॉलेजचं नाव परिषदेच्या मान्यता यादीत त्याच वर्षासाठी आहे का, ते स्वतः पाहा. जाहिरातीवर जाऊ नका. अमेरिकेत जायचं तर डॉक्टरेट, वर्षाची इंटर्नशिप आणि वर दोन वर्षांचं प्रशिक्षण, असा लांब पल्ला आहे. तिथे गेलेली आपली मुलं तिशी उलटेपर्यंत विद्यार्थीच असतात.

‘संशोधन करू की रुग्ण पाहू?’ असं विचारणाऱ्यांना मी दोन्ही करा म्हणते, आणि हे गोड बोलायचं म्हणून म्हणत नाही. फक्त प्रयोगशाळेत बसलं तर प्रश्न कृत्रिम होतात. फक्त ओपीडी केली तर पाच वर्षांत हात सरावतो आणि डोळे थकतात. तीच चाचणी, तोच नमुना, तीच शेवटची ओळ. आठवड्यातला एक दिवस तरी आपलेच केसपेपर पुन्हा काढून वाचण्यासाठी राखून ठेवणारे लोक मी पाहिलेत. रुग्णालयाच्या प्रशासनाकडून तो दिवस मिळवणं हे या पेशातलं सर्वांत अवघड काम आहे, असं त्यांच्यातल्या एकीनं मला सांगितलं. पगाराच्या पत्रकात त्या दिवसाला रकाना नसतो.

सातारा जिल्ह्यात निरोगी माणसांच्या मराठी मानकांसाठी फिरणारी एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी मला भेटली. तिला रुग्ण नकोत, धडधाकट माणसं हवीत, आणि तीच मिळायला कठीण. “मला काय झालंय?” म्हणून लोक उठून जातात, किंवा परीक्षा म्हणून बिचकतात. सुगी आटोपल्यावर दुपारच्या वेळी मंदिराच्या सभामंडपात ती बसते. तिथे पंख्याची घरघर, पोरांचा गलका आणि शेजारून उत्तरं पुरवणाऱ्या वहिनी. तिच्या वहीत वय आणि शिक्षणाचा तक्ता आहे, प्रत्येक चौकटीत ठरावीक माणसं भरायची. काही चौकटी आठवड्यात भरल्या. दोन अजून रिकाम्या आहेत: शाळेत कधीच न गेलेले तिशीच्या आतले पुरुष, आणि मॅट्रिकच्या पुढे शिकलेल्या सत्तरीपलीकडच्या खेड्यातल्या बायका. पहिले ऊसतोडीच्या टोळ्यांत सापडतील असं तिला कुणीतरी सांगितलंय. दुसऱ्यांसाठी ती जुन्या अध्यापिका विद्यालयांच्या हजेरीपटांवरून निवृत्त शिक्षिकांचे पत्ते काढते आहे.